ओल चालत नाही

नवतपाचा चौथा दिवस, आणि या खोलीत कूलर बंद.
कांशाला ओल चालत नाही.
बाहेर व्हरांड्यात वाळ्याच्या ताट्या ठिबकतात,
निनावे शिपाई तिथंच खुर्ची टाकून बसलेत.
मी आत, कपाळाला दुपट्टा घट्ट बांधून,
कारण घामातही मीठ असतं
आणि मिठानंच हे सगळे आजारी पडलेत.

सगळे म्हणजे एकशे बारा.
संत्रा बर्फीच्या डब्यातून आले.
निवृत्त पोस्टमन वासुदेव बारापात्रे वारले,
त्यांची मुलगी डबा घेऊन आली.
"बाबा यायले माणसंच म्हनत," ती म्हणाली.
"आज सहा माणसं धुतले, असं."

नखाएवढं रोमन नाणं, सुपारीच्या खांडाइतकं हलकं.
सोन्याचं असतं तर इतवारीत कधीच वितळलं असतं.
यानं कुणी मिरी घेतली नाही, मोती घेतले नाहीत;
पाव घेतला असेल, दोन कांदे,
नाहीतर गरम पाण्याच्या हमामात शिरायची परवानगी.
मग कुठल्या बंदरात, कुणाच्या कनवटीला, कसं,
ते डब्यावर लिहिलेलं नाही.

शुद्ध पाण्याचे कॅन मी घाट रोडच्या बॅटरीवाल्याकडून आणते.
त्यानं एकदा विचारलं, मॅडम, इन्व्हर्टर आहेत तरी किती?
म्हटलं, एकशे बारा.

भिंगाखाली एका बाजूला राजा.
मण्यांची पट्टी, डोळा मोठा, नजर कायम उजवीकडे.
पालटून पाहावं तर
सैनिक, ढाल, गुडघे टेकलेला घोडा,
आणि घोड्यावरून घसरत मागे वळलेला एक माणूस
ज्याच्यात भाला जातो आहे.
कडेनं अक्षरं. अर्धे अर्धे शब्द, तारेसारखे,
जागा वाचवत लिहिलेले.
बारापात्रेंनी जन्मभर तारा वाटल्या,
त्यांना वाचता आलं असतं.
सुखाचे दिवस परत आले.

पहिल्यांदा लावलं तेव्हा वाटलं, चुकले.
कोश पुन्हा काढला.
चुकले नव्हते.

त्या पडणाऱ्या माणसाचा हात वर आहे.
तीन रेघा, तीन बोटं, उघडी.
साचा कोरणाऱ्यानं राजाचं नाक धाकानं कोरलं असेल,
नाक चुकलं तर काम जायचं.
हा हात कुणी तपासत नव्हतं.
इथं त्याला वेळ मिळाला.

माझी नेमणूक अकरा महिन्यांची.
मग एक दिवस मी कुणीच नसते,
मग पुन्हा अकरा महिने.
आदेशाच्या माथ्यावर मुद्रा असते
आणि खाली, आपणास कळविण्यास आनंद होत आहे की.

मुलीनं जाता जाता आणखी एक सांगितलं.
बाबांनी एकदा संध्याकाळी, बर्डीहून पारडीला जाताना,
बसमध्ये चिल्लर म्हणून यातलं एक देऊन टाकलं.
चाराणे चालत होते तेव्हाची गोष्ट.
अंधार होता, कंडक्टरनं पिशवीत टाकलं, तिकीट फाडलं.
मग तीन दिवस बाबा मोरभवनाच्या चकरा मारत होते.
सापडलं.
"काका," कंडक्टर म्हणाला, "मले तं चालून गेलं."

सोळाशे वर्षांनी
बर्डी ते पारडी, पूर्ण तिकीट.

ते कोणतं, तिला आठवत नाही.
मला वाटतं, अठ्ठ्याहत्तर नंबरचं.
दोन्ही बाजू गुळगुळीत, राजा नाही, घोडा नाही.
नोंदवहीत 'तपशील' या रकान्यात मी लिहिलंय: अस्पष्ट.
हातमोजा काढायचा नसतो. काढला.
कडेला, अंगठ्याखाली, काहीतरी खरखरलं,
तीनदा.

दारातून निनावे विचारतात,
"मॅडम, माठातलं पानी आणू का?"
आणा.
पण उंबऱ्याबाहेर ठेवा.